पोर्तोच्या फुटपाथवरची साक्ष

२४ ऑगस्ट १९५८. पोर्तुगालच्या पोर्तो शहरातली ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची मोटारशर्यत, नुकती आटोपली आहे. स्टर्लिंग मॉस पाच मिनिटांहून जास्त फरकाने पहिला आला आहे. दुसरा आलेल्या माइक हॉथॉर्नवर मात्र आरोप आहे: शेवटच्या फेरीत बंद पडलेली गाडी त्याने शर्यतीच्या उलट दिशेने नेऊन चालू केली. आरोप टिकला तर निकालातून नाव कटणार आणि सात गुण जाणार. त्या वर्षीच्या जगज्जेतेपदासाठी हॉथॉर्नला खरी टक्कर होती ती मॉसची. मॉस पंचांपुढे गेला आणि त्याने साक्ष दिली ती हॉथॉर्नच्या बाजूने. सात गुण वाचले. ऑक्टोबरात मोसम संपला तेव्हा हॉथॉर्न ४२, मॉस ४१.

खिलाडूवृत्तीचा धडा म्हणून ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिचे कंगोरे पार झिजून गेलेत. माझा रस थोडा वेगळा आहे. त्या मोसमात मॉसच्या हातून विजेतेपद एकदा नाही, चार-पाच वेळा निसटलं. कधी त्याचा गिअर चुकला, कधी गाडीने दगा दिला, कधी पाटीवरचं एक अक्षर नीट वाचता आलं नाही. यातली एकच गोष्ट त्याने डोळे उघडे ठेवून केली, ती म्हणजे ही साक्ष. ती दिलदारी होती की नुसतं खरं बोलणं, हे बघायचं तर आधी माणसं आणि मग गुणांचा हिशेब, दोन्ही उघडून बसावं लागतं.

दोघं एकाच वयाचे

दोघांचाही जन्म १९२९चा. मॉस लंडनचा. वडील आल्फ्रेड दंतवैद्य, पण १९२४ साली अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत धावून आलेले. आई आयलीनही गाड्यांच्या स्पर्धांत उतरायची, आणि धाकटी बहीण पॅट पुढे नावाजलेली रॅलीचालक झाली. मुलाने दंतवैद्य व्हावं अशी वडिलांची इच्छा. अशा घरात ही इच्छा किती दिवस टिकणार? १९४८ मध्ये मॉस ५०० सीसीच्या छोट्या कूपर गाडीत बसला. १९५० मध्ये, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, उत्तर आयर्लंडमधल्या डंड्रॉडला भर पावसात जॅग्वार चालवून त्याने टुरिस्ट ट्रॉफी जिंकली आणि मग त्याला कोणी पोरगा म्हणेना.

१९५५ मध्ये तो मर्सिडीझ संघात हुआन मॅन्युएल फांजिओचा सहकारी होता. त्या वर्षी १ मे रोजी इटलीच्या उघड्या रस्त्यांवरची हजार मैलांची मिल्ले मिलिया त्याने १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत जिंकली. सरासरी वेग ताशी साधारण १५७ किलोमीटर. शेजारी डेनिस जेंकिन्सन हा दाढीवाला पत्रकार, मांडीवर रस्त्याचं प्रत्येक वळण टिपलेली कागदाची लांबलचक गुंडाळी. आवाजात बोलणं ऐकू येणार नाही म्हणून पुढचं वळण तो हाताच्या खुणांनी सांगायचा आणि मॉस त्या खुणेवर विसंबून आंधळ्या चढावावरून गाडी सोडायचा. त्याच वर्षी जुलैत लिव्हरपूलजवळच्या एंट्रीला तो ब्रिटिश ग्रां प्री जिंकला. फांजिओ मागोमाग, जेमतेम काही फुटांवर. म्हाताऱ्याने मुद्दाम जिंकू दिलं का, हा प्रश्न मॉसने पुढे त्याला विचारलाही. फांजिओने शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही.

१९५५, १९५६, १९५७. तिन्ही वर्षं जगज्जेता फांजिओ, दुसरा मॉस.

मॉसचा एक हट्ट इथे सांगायला हवा, कारण पुढच्या हिशेबात तो येतो. जमेल तिथे गाडी ब्रिटिश हवी. त्याला देशप्रेम होतंच, शिवाय एक जुना सलही होता. १९५१ मध्ये फेरारीने इटलीतल्या बारीच्या शर्यतीसाठी त्याला गाडी देऊ केली. तो तिथवर गेला तर गाडी दुसऱ्याच चालकाला दिलेली. तो अपमान त्याने वर्षानुवर्षं जपला. म्हणून १९५७ मध्ये तो व्हॅनवॉल संघात गेला. टोनी वँडरवेल हा बेअरिंगचा कारखानदार, इटलीच्या लाल गाड्यांना हरवायचंच या एका ध्यासाने पेटलेला. त्याची हिरवी व्हॅनवॉल वेगवान होती, पण तिला ठिसूळपणाची खोड होती.

हॉथॉर्न यॉर्कशायरमध्ये जन्मला आणि सरेतल्या फार्नमला वडिलांच्या गॅरेजात वाढला. उंच, सोनेरी केसांचा, गळ्यात बो टाय लावून गाडी चालवणारा. फ्रेंच त्याला फुलपाखरू म्हणत. १९५३ मध्ये फ्रान्समधल्या रीम्सला त्याने फांजिओला चाकाला चाक लावून हरवलं. १९५५च्या ल मान शर्यतीत त्याची जॅग्वार पिटकडे (गाडी दुरुस्तीच्या थांब्याकडे) वळताना सुरू झालेल्या घटनांच्या साखळीत एक मर्सिडीझ प्रेक्षकांत घुसली आणि ८०हून जास्त माणसं मेली. ती शर्यत हॉथॉर्नच जिंकला, आणि अपघाताचा ठपका त्याच्या मागे लागून राहिला. त्याला मूत्रपिंडाचा विकार होता. मॉसशी त्याची खास दोस्ती नव्हती. त्याचा जिवलग म्हणजे फेरारी संघातला त्याचा सहकारी पीटर कॉलिन्स. मॉस पथ्य सांभाळणारा, पैशांबाबत चोख, शर्यतीला धंदा मानणारा. हॉथॉर्नला शर्यतीनंतरचा पब शर्यतीइतकाच महत्त्वाचा.

गुणांचं गणित

१९५८चा नियम असा: पहिल्या पाचांना ८, ६, ४, ३, २ गुण. सर्वांत जलद फेरी मारणाऱ्याला १ गुण जास्त. एकूण ११ शर्यती, त्यातली इंडियानापोलिस युरोपच्या चालकांच्या खिजगणतीत नसे. आणि कुठल्याही चालकाच्या सर्वोत्तम सहाच शर्यती मोजायच्या.

जानेवारीत बुएनोस आयर्सला व्हॅनवॉल गेलीच नाही. त्या वर्षापासून अल्कोहोलवर चालणारी इंधनं बंद होऊन विमानाचं पेट्रोल सक्तीचं झालं होतं आणि इंजिन अजून त्याला रुळलं नव्हतं. मॉसने खासगी संघाचा मालक रॉब वॉकर याची छोटी कूपर घेतली. इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि जेमतेम दोन लिटरचं, समोर सुमारे अडीच लिटरच्या फेरारी. कूपरची चाकं चार नटांवर बसवलेली, ती काढायला वेळ लागणार, म्हणजे टायर बदलायला थांबलं की शर्यत गेलीच. वॉकरच्या मेकॅनिकांनी पिटमध्ये टायर मांडून ठेवून थांबण्याची तयारी असल्याचं नाटक केलं. फेरारीवाले निर्धास्त राहिले. मॉस थांबलाच नाही. शेवटी टायरमधलं कापड दिसायला लागलं होतं, तरी तीन सेकंदांहून कमी फरकाने जिंकला. मागे इंजिन असलेल्या गाडीने जिंकलेली ही जगज्जेतेपदाची पहिली शर्यत.

पुढे मोसमाला विचित्र लय लागली. मॉस गाडी शेवटपर्यंत नेऊ शकला की जवळजवळ जिंकायचाच. नाही तर वाटेतच अडकायचा. मोनॅकोला इंजिन. बेल्जियममध्ये पहिल्याच फेरीत आघाडीवर असताना त्याच्याकडूनच गिअर नीट पडला नाही आणि इंजिन बेफाम फिरून कामातून गेलं. ही चूक सरळ त्याची. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला पुन्हा इंजिन. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगला जलद फेरी मारून आघाडी घेतली आणि मॅग्नेटो, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा भाग, गेला. इटलीतल्या मोंझाला गिअरबॉक्स. मोसमातल्या दहा शर्यतींत पाच वेळा तो बाहेर पडला. उरलेल्या पाचांत चार पहिले क्रमांक आणि एक दुसरा.

हॉथॉर्नने उलट केलं. मोसमभरात शर्यत एकच जिंकली, रीम्सची. पण दुसरा क्रमांक पाच वेळा, आणि जलद फेरीचा एकेक गुणही पाच वेळा उचलला. आमच्याकडे ज्याला थेंबे थेंबे तळे म्हणतात ते हेच. तरी त्याच्यासाठी ते वर्ष भयंकर होतं. रीम्सला त्याच्यामागे येताना फेरारीचा लुइजी मुसो मेला. ३ ऑगस्टला नुर्बुर्गरिंगला त्याच्या डोळ्यांसमोर कॉलिन्सची गाडी रस्ता सोडून गेली आणि कॉलिन्स वाचला नाही. पोर्तोला आला तेव्हा हॉथॉर्नचं मन शर्यतीतून उडालेलं होतं. कॉलिन्सला जाऊन तीन आठवडे झाले होते.

बोआव्हिस्टाच्या रस्त्यावर

पोर्तोचा बोआव्हिस्टा मार्ग म्हणजे शहराचेच रस्ते, साधारण ७.४ किलोमीटरची एक फेरी, ५० फेऱ्या. काही ठिकाणी दगडी फरशी, काही ठिकाणी ट्रामचे रूळ, कडेला विजेचे खांब आणि फुटपाथ. हॉथॉर्नच्या फेरारीला ड्रम ब्रेक होते, ते तापून बसत चालले. मॉसच्या व्हॅनवॉलला डिस्क ब्रेक, त्यामुळे तो सुखात होता.

याच शर्यतीत पाटीचा घोळ झाला. हॉथॉर्नने सर्वांत जलद फेरी मारली, तेव्हा मॉसच्या पिटमधून पाटी दाखवली गेली, हॉथॉर्नचा विक्रम झाला अशा अर्थाची: ‘हॉथ-रेक’. मॉसने भरधाव वेगात ती वाचली ‘हॉथ-रेग’, म्हणजे हॉथॉर्न नेहमीच्याच वेगात आहे. इंग्रजीतली ‘सी’ आणि ‘जी’ ही अक्षरं लांबून सारखीच दिसतात. मॉसला वाटलं, काळजीचं कारण नाही. वेगवान फेरी मारायला त्याच्याकडे गाडी होती, ब्रेक होते, वेळ होता. मारली नाही.

शेवटाकडे मॉस हॉथॉर्नच्या मागे येऊन पोचला. पूर्ण एका फेरीने त्याला मागे टाकता आलं असतं. तेवढ्यासाठी कशाला, असं म्हणून मॉस मागे राहिला. ही सौजन्याची गोष्ट अंगाशी कशी आली बघा: मॉसने त्याला मागे टाकलं असतं तर मॉसने शर्यत संपवून निशाण पडताच हॉथॉर्नचीही शर्यत तिथेच संपली असती आणि दुसरा क्रमांक बिनघोर मिळाला असता. मागे टाकलं नाही म्हणून त्याला अजून एक फेरी मारावी लागली. त्या फेरीत ब्रेकने साथ सोडली, फेरारी फिरली आणि बंद पडली.

त्या गाड्यांना स्टार्टर नसे. धक्का मारूनच चालू करायच्या, आणि तेही चालकाने एकट्याने, कोणाची मदत न घेता. शर्यतीच्या दिशेने चढ होता. थकलेला हॉथॉर्न चढावर ढकलतोय आणि गाडी जागची हलत नाही. जिंकून सावकाश परतणारा मॉस तिथून गेला आणि ओरडला: उताराकडे ढकल! हॉथॉर्नने गाडी उलटी वळवली, उतारावर सोडली, इंजिन पकडलं, वळून शर्यत पूर्ण केली. दुसरा क्रमांक आणि जलद फेरी, सात गुण.

मग तक्रार. शर्यतीच्या मार्गावर उलट दिशेने गाडी नेणं म्हणजे बाद. मॉसचं म्हणणं होतं की हॉथॉर्न उलट गेला हे खरं, पण तो फुटपाथवरून गेला, मार्गावरून नाही. ‘मी तिथून जात होतो, मी पाहिलं.’ पंचांनी ते मान्य केलं.

साक्षीचं वजन

आता यात दानशूरपणा किती?

मॉसने स्वतःच्या ताटातलं काही उचलून दुसऱ्याला दिलं नाही. ते दोन वर्षांपूर्वी कॉलिन्सने मोंझाला केलं होतं: स्वतःला विजेतेपदाची आशा असताना भर शर्यतीत उतरून त्याने आपली गाडी फांजिओला दिली. मॉसने घटना सांगितली, एवढंच. नियमाचा हेतूही बघायला हवा. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर कोणी जाऊ नये म्हणून तो नियम. फुटपाथवरून घरंगळणारी गाडी कोणाच्या तोंडावर जाणार? त्यामुळे मॉसची साक्ष कायद्याच्या शब्दातही बसत होती आणि हेतूतही.

आणखी एक गोष्ट आहे जी मला जास्त बोचते. उताराकडे ढकल हा सल्ला मॉसचा. हॉथॉर्न बाद झाला असता तर तो मॉसने सांगितलेला उपाय केल्याबद्दल झाला असता आणि त्याचा फायदा मॉसला मिळाला असता. हे गिळून गप्प बसणं कुठल्याही बऱ्या माणसाला जड गेलं असतं.

पण गप्प बसता आलं असतं, हेही तितकंच खरं, आणि या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिथे आहे. त्यासाठी मॉसला खोटं बोलावं लागणार नव्हतं. तो फक्त हॉटेलवर जाऊन अंघोळ करत बसला असता तरी पुरलं असतं. त्याच्या संघात, त्याच्या मालकात, त्याच्या देशातल्या वर्तमानपत्रांत कोणीही त्याला विचारलं नसतं की बाबा रे, तू का नाही गेलास? पैशापैशाचा हिशेब ठेवणारा, शर्यतीला धंदा मानणारा हा माणूस या ठिकाणी हिशेब करायला बसला नाही.

बसला असता तर?

आत्याबाईला मिशा असत्या तर, हे मान्य करून हा हिशेब मांडतो. हॉथॉर्नच्या मोजलेल्या सहा शर्यती: रीम्स ९, बेल्जियम ७, सिल्व्हरस्टोन ७, पोर्तो ७, मोंझा ६, कॅसाब्लँका ६. एकूण ४२. पोर्तो काढा, तिथे बुएनोस आयर्सचे ४ येतात: ३९. मॉस ४१. विजेता मॉस.

आता साक्ष बाजूला ठेवा, फक्त पाटी नीट वाचली गेली आणि जलद फेरी मॉसने मारली असं धरा. मॉस ४२, हॉथॉर्न ४१. विजेता पुन्हा मॉस. म्हणजे एकाच दुपारी विजेतेपद त्याच्या हातून दोनदा निसटलं, एकदा ‘सी’ आणि ‘जी’च्या गोंधळात, एकदा जाणूनबुजून. लोकांच्या लक्षात दुसरंच राहिलं. बेल्जियममधला चुकलेला गिअर तर कोणाला आठवतही नाही, आणि त्याची किंमत बहुधा या दोन्हींहून मोठी होती.

कॅसाब्लँका

मोंझाला हॉथॉर्नच्या फेरारीला अखेर डिस्क ब्रेक बसले आणि तो दुसरा आला. १९ ऑक्टोबरला मोरोक्कोतल्या कॅसाब्लँकाला अखेरची शर्यत, ऐन-दियाबच्या समुद्रकाठच्या रस्त्यांवर. मॉसला शर्यत जिंकायची, जलद फेरीही मारायची, आणि तरीही हॉथॉर्न तिसऱ्यापेक्षा वर येता कामा नये. फेरारीने हॉथॉर्नला दोन क्रमांकाची गाडी दिली होती. मुसो आणि कॉलिन्स दोघंही दोन क्रमांकाच्याच गाडीत गेले होते. हॉथॉर्नने ती नाकारली आणि संघातल्याच ओलिव्हिए जांदबियाँशी अदलाबदल करून सहा क्रमांक घेतला.

मॉसने त्याच्या वाटणीचं सगळं केलं. जिंकला, जलद फेरी मारली. हॉथॉर्नच्या पुढे राहून त्याला तिसऱ्या जागी अडकवायची जबाबदारी व्हॅनवॉलच्याच टोनी ब्रुक्सची होती. त्याचं इंजिन फुटलं. दुसऱ्या जागी फेरारीचा फिल हिल होता, त्याने वेग कमी करून हॉथॉर्नला पुढे जाऊ दिलं. एका गुणाने हॉथॉर्न जगज्जेता, हा मान मिळवणारा पहिला ब्रिटिश चालक. जिच्यात मॉस बसला त्या व्हॅनवॉलने मात्र गाडी बनवणाऱ्यांचं विजेतेपद जिंकलं. ते त्याच वर्षी सुरू झालं होतं.

कोणाला आनंद साजरा करता आला नाही. व्हॅनवॉलचा तिसरा चालक स्ट्यूअर्ट लुईस-इव्हान्स त्या शर्यतीत इंजिन जाम होऊन रस्त्याबाहेर गेला, गाडीने पेट घेतला. त्याला विमानाने इंग्लंडला आणलं. सहा दिवसांनी तो गेला. वँडरवेलने त्यानंतर शर्यतींतून जवळजवळ अंगच काढून घेतलं.

नंतर

हॉथॉर्नने लगेच निवृत्ती जाहीर केली. २२ जानेवारी १९५९ला गिल्डफर्डजवळच्या ओल्या रस्त्यावर त्याची जॅग्वार घसरून झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. वय २९. त्या क्षणी त्याने नुकतीच मागे टाकलेली मर्सिडीझ चालवत होता रॉब वॉकर, ज्याच्या कूपरमध्ये मॉसने बुएनोस आयर्स जिंकलं होतं.

मॉस १९५९, १९६० आणि १९६१ मध्ये तिसरा आला, बराच काळ वॉकरच्याच गाड्यांत. १९६१ मध्ये मोनॅकोला जुन्या लोटसने त्याने तीन फेरारींना थोपवून धरलं. गाडी चालवण्याच्या कलेचा एकच नमुना दाखवायचा झाला तर मी तीच शर्यत दाखवेन. २३ एप्रिल १९६२ला इंग्लंडमधल्या गुडवूडला शर्यतीत त्याचा अपघात झाला, महिनाभर तो बेशुद्ध होता, डाव्या अंगात सहा महिने ताकद नव्हती. वर्षभराने त्याच ठिकाणी एकट्याने गाडी चालवून पाहिली. फेरीला लागलेला वेळ वाईट नव्हता, पण पूर्वी जे आपोआप होत होतं ते आता विचार करून करावं लागतंय, हे त्याला कळलं आणि त्याने थांबायचं ठरवलं. ६६ ग्रां प्री, १६ विजय, विजेतेपद शून्य. २००० साली सर झाला, १२ एप्रिल २०२०ला नव्वदाव्या वर्षी गेला. पोर्तोच्या साक्षीचा पश्चात्ताप त्याने कधी बोलून दाखवला नाही.

पोर्तोला तो पुन्हा एकदा धावला. १४ ऑगस्ट १९६०, तोच बोआव्हिस्टा. जूनमध्ये बेल्जियमला सरावात लोटसचं चाक निखळून त्याचे दोन्ही पाय मोडले होते आणि ही त्याची ग्रां प्रीतल्या पुनरागमनाची शर्यत होती. अखेरच्या फेऱ्यांत त्याची गाडी फिरली आणि बंद पडली. ती चालू करायला त्याने ती उलट दिशेने नेली. पंचांनी त्याला बाद केलं. हॉथॉर्नला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.